गाडी डावीकडे ओढतेय? अलाइनमेंटच्या आधी हे तपासा

मागच्या श्रावणात सांगलीहून ताईचा फोन आला. "अरे, गाडी डावीकडे ओढतेय. दोनदा अलाइनमेंट करून झालं. आता म्हणतात पुढचे दोन्ही टायर बदला. बदलू का?"

"कधी ओढते?" मी विचारलं.

"कधी म्हणजे? चालवताना."

"तसं नाही. सरळ जाताना ओढते, ब्रेक मारल्यावर ओढते, की पिकअप घेताना?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "हे कुणी विचारलंच नाही."

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे. गाडी एका बाजूला ओढण्याची कारणं डझनभर तरी निघतील. काही फुकटात दुरुस्त होतात, काही जिवावर बेतू शकतात. पण गाडी नेमकी कधी ओढते एवढं नीट पाहिलं, तर त्यातली निम्मी कारणं जॅक न लावताच बाद होतात. आपल्याकडे मात्र तक्रार ऐकली की उत्तर ठरलेलं असतं: अलाइनमेंट करून घ्या. चाकांचे कोन जुळवायचं मशीन समोर असतं, काम अर्ध्या-पाऊण तासात होतं, बिल काहीशे रुपयांचं होतं, म्हणून आपणही हो म्हणतो. माझं म्हणणं असं की अलाइनमेंट या यादीत सर्वांत शेवटी यायला हवं. का, ते पुढे कळेल.

तक्रार नक्की कोणती?

"ओढते" या एका शब्दात लोक तीन-चार निरनिराळी दुखणी सांगतात. स्टिअरिंगवरचा हात सैल सोडला की गाडी दर वेळी एकाच बाजूला सरकते आणि तिला सरळ ठेवायला मनगटावर सतत थोडा जोर घ्यावा लागतो, हे खरं ओढणं. गाडी सरळ जाते, हाताला जोर लागत नाही, फक्त स्टिअरिंग तिरकं दिसतं, हे वेगळं. तिथे बहुतेकदा स्टिअरिंगचा मध्य चुकलेला असतो आणि ते काम खरोखर अलाइनमेंटवाल्याचं आहे. गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटते, सारखी सावरावी लागते, तिथे एखादा जॉइंट किंवा बुश (जोडातली रबरी गादी) सैल झाल्याची शंका घ्यावी. आणि ८०-९०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर पहिला संशय व्हील बॅलन्सिंगवर, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसण्यावर, घ्यावा.

हे ओळखण्यासाठी एमआयडीसीतला एखादा रुंद, सरळ रस्ता रविवारी सकाळी गाठावा. मागेपुढे कुणी नाही याची खात्री करावी, ४०-५०चा वेग धरावा आणि स्टिअरिंगवरची पकड सैल करावी. हात काढायचे नाहीत, बोटं रिंगला टेकलेली ठेवायची. तीन-चार फेऱ्यांत चित्र स्पष्ट होतं. वारा जोराचा असेल त्या दिवशी हा प्रयोग करू नये. आडवा वारा उंच गाडीला चांगलाच ढकलतो.

कदाचित रस्ताच ओढत असेल

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मुद्दाम मधे उंच आणि कडेला उतरता बांधतात. डांबरी रस्त्याला हा आडवा उतार साधारण २ ते २.५ टक्के असतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण साडेतीन मीटर रुंदीच्या एका लेनमध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ७ ते ९ सेंटिमीटरचा फरक पडतो. १००० किलो वजनाच्या गाडीला २ टक्के उतारावर २० किलोंचा आडवा रेटा बसतो, आणि रस्ता संपेपर्यंत तो बसतच राहतो. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून हा रेटा जवळजवळ नेहमी डावीकडे असतो. दुभाजक असलेल्या महामार्गावरही बहुतेक ठिकाणी उतार दुभाजकाकडून डाव्या कडेलाच असतो. म्हणून "जाताना ओढते आणि येतानाही डावीकडेच ओढते, म्हणजे दोष गाडीचाच" हा हिशोब चुकतो. दोन्ही वेळा रस्ता डावीकडेच उतरलेला असतो.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. आपल्या रस्त्यांवर गाडी हलकीशी डावीकडे जात असेल, तर लगेच घाबरायचं कारण नाही. काही कंपन्या हा उतार हिशोबात धरून चाकांचे कोन दोन बाजूंना किंचित वेगळे ठेवतात, तरी थोडी डावी ओढ राहू शकते. गाडी उजवीकडे ओढत असेल, तर मात्र ती उताराच्या विरुद्ध जाते आहे. तिथे गाडीत काहीतरी आहे हे जवळजवळ नक्की समजावं.

खात्री करायची तर बंद मैदान किंवा रिकामं आवार शोधावं. एकाच पट्ट्यावरून आधी एका दिशेने जावं, मग गाडी वळवून त्याच पट्ट्यावरून परत यावं. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे सरकली, तर उतार जमिनीचा. दोन्ही वेळा डावीकडेच सरकली, तर दोष गाडीचा.

हवा

बैलजोडीतला एक बैल रेंगाळायला लागला की बैलगाडी त्याच्या बाजूला वळते. कमी हवेचा टायर हा तो रेंगाळणारा बैल. हवा कमी झाली की टायर जमिनीवर जास्त पसरतो, प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो-फुगतो आणि त्यात ताकद वाया जाते. तेवढं ते चाक मागे खेचतं आणि गाडी त्या बाजूला झुकते. पुढच्या दोन टायरांत पाच-सहा पीएसआयचा फरक पडला तरी हाताला जाणवू शकतो, आणि रेडियल टायर पाहून तो फरक ओळखता येत नाही, कारण त्याची बाजू थोडी फुगलेली एरवीही दिसतेच.

हवा टायर थंड असताना मोजावी. पंपापर्यंत वीस किलोमीटर चालवत नेलेला टायर तापलेला असतो आणि आकडा काही पीएसआयने वर दाखवतो. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांना ते साधारण ३० ते ३६ पीएसआयच्या दरम्यान असतं. टायरच्या बाजूवर छापलेला हवेचा मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो. चारही टायर एकाच गेजने मोजावेत. दोन गेज क्वचितच सारखा आकडा दाखवतात, आणि आपल्याला इथे महत्त्वाचा आहे तो डाव्या-उजव्यातला फरक.

हवा भरून ओढ गेली तर उत्तमच. पण आठवड्याने त्याच टायरमधली हवा पुन्हा उतरली, तर कुठेतरी बारीक पंक्चर किंवा गळका व्हॉल्व्ह आहे. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे ते दाखवून देतात.

ताईने हवा तपासली होती. दोन्हीकडे ३३.

टायर बाहेरून चांगला, आतून तिरका

हे माझ्या स्वतःच्या गाडीत झालं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुढे दोन नवे टायर घातले आणि त्याच दिवसापासून गाडी उजवीकडे जायला लागली. टायर नवे, हवा बरोबर, अलाइनमेंटच्या कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. मला टायरवर शंका घ्यायला महिना लागला, कारण नवीन टायरवर शंका घ्यायची आपल्याला सवय नसते.

रेडियल टायरच्या रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बनवताना हे पट्टे मध्यापासून किंचित एका बाजूला सरकले, तर टायरची एक कड दुसरीपेक्षा जास्त ताठ होते. बाहेरून तो गोल दिसतो, पण रस्त्यावर शंकूसारखा वागतो. चहाचा कागदी कप जमिनीवर लोळवून पाहा. तो सरळ जात नाही, अरुंद बाजूकडे गोल वळतो. असा टायर पुढे असला की तो गाडीला सतत एका बाजूला वळवतो आणि अलाइनमेंटच्या मशीनला याचा पत्ताही लागत नाही. मशीन चाकांचे कोन मोजतं, टायरच्या पोटातले पट्टे मोजत नाही.

परीक्षा मात्र फार सोपी आहे. पुढच्या डाव्या-उजव्या चाकांची अदलाबदल करायची. ओढण्याची बाजू बदलली, तर दोष टायरचा. ओढ नाहीशी झाली किंवा बरीच कमी झाली, तरी रोख टायरकडेच. काहीच फरक पडला नाही, तर टायर बहुधा निर्दोष, पुढच्या कारणाकडे चला. माझी गाडी अदलाबदलीनंतर डावीकडे ओढू लागली आणि प्रश्न तिथेच सुटला. तो टायर मी मागे टाकला, कारण मागच्या चाकावर या दोषाचा परिणाम खूप कमी जाणवतो. टायर नवा असेल तर दुकानदाराकडे वॉरंटीबद्दल जरूर बोलावं.

काही टायरांच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. ते डावे-उजवे बदलता येत नाहीत. तिथे एकाच बाजूचं पुढचं आणि मागचं चाक बदलून पाहावं. आणि हे काम घरी करणार असाल तर सपाट जागा, हॅन्डब्रेक, चाकामागे दगड, आणि जॅकवर उभ्या गाडीखाली अंग घालायचं नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

एका बाजूला एका कंपनीचा नवा टायर, दुसरीकडे दुसऱ्या कंपनीचा गोटा झालेला, अशी जोडी पुढे असली तरी गाडी ओढते. पंक्चरनंतर घातलेली स्टेपनी तशीच राहून गेली, असंही पुष्कळदा होतं. हल्ली अनेक गाड्यांत स्टेपनी मापाने लहान असते. ती लावलेली असताना गाडी ओढते की नाही याचा निवाडाच करू नये.

ब्रेक: इथे घाई करू नका, हलगर्जीही नको

सगळ्या कारणांत मला सर्वांत काळजी वाटते ती ब्रेकची. आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते, कारण ब्रेकमुळे गाडी दोन तऱ्हांनी ओढते आणि दोन्हींचा अर्थ एकमेकांच्या उलट असतो.

पहिली तऱ्हा: गाडी एरवी सरळ जाते, ब्रेक दाबला की एका बाजूला झुकते. समजा ती डावीकडे झुकते. लोक डाव्या चाकाचा ब्रेक उघडतात. पण डावीकडे झुकली याचा अर्थ डावा ब्रेक काम करतो आहे आणि उजवा मागे पडला आहे. बिघाड बहुधा उजवीकडे सापडतो: कॅलिपरचा (चाकाच्या डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणाऱ्या पकडीचा) पिस्टन अडकलेला, पॅडवर ऑइल किंवा ग्रीस लागलेलं, ब्रेकच्या होजमध्ये अडथळा, नाहीतर हवा शिरलेली. क्वचित डावीकडचा ब्रेकच जास्त पकडत असतो, म्हणून दोन्ही बाजू उघडून शेजारी-शेजारी पाहाव्यात. एका बाजूचा पॅड जाड आणि दुसऱ्या बाजूचा झिजलेला दिसला की गोष्ट उलगडायला लागते. पॅड बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एकच बाजू बदलून नवी ओढ विकत घेऊ नये.

दुसरी तऱ्हा: ब्रेकवर पाय नसतानाही गाडी सतत एका बाजूला ओढते, कारण त्या चाकाचा ब्रेक सुटतच नाही. पॅड डिस्कला घासत राहतो. इथे ज्या बाजूला ओढते, बिघाड त्याच बाजूला.

ब्रेक न सुटण्याची आपल्याकडची मोठी वेळ म्हणजे पावसाळा. बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर आतबाहेर सरकतो. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच धक्क्याने अख्खा कॅलिपर सरकून बाहेरचा पॅडही दाबला जातो. या पिनांवर रबरी टोपी आणि आत ग्रीस असतं. टोपी फाटली की पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं, पीन गंजते आणि कॅलिपर सरकेनासा होतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी पावसात तीन-चार आठवडे एका जागी उभी राहिली, तर हे फार लवकर होतं. अशा वेळी आतला आणि बाहेरचा पॅड विषम झिजतो, हीच खूण.

तपासायची रीत अशी. पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो कमी ब्रेक वापरत गाडी चालवा. शेवटी हळूहळू वेग कमी करत थांबा. मग उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. डिस्कला तर मुळीच हात लावायचा नाही, ती चटका देईल इतकी तापलेली असू शकते. एका बाजूची धग दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त असेल, तर तो ब्रेक अडकतो आहे. जळका वास, त्या रिमवर साचलेली जास्तीची काळी धूळ आणि घसरलेलं मायलेज या सोबतच्या खुणा. मागच्या चाकाबाबत शंका असेल तर हॅन्डब्रेकची केबल अडकली आहे का तेही पाहावं.

अडकलेला ब्रेक कॅलिपरमुळे की होजमुळे, हे मिस्त्रीला पाच मिनिटांत कळू शकतं. ब्रेकची रबरी होज जुनी झाली की आतून सुजते. बाहेरून ती चांगली दिसते, पण पायाच्या जोराने तेल आत जातं आणि पाय काढल्यावर परत येत नाही. अडकलेलं चाक जॅकवर उचलून कॅलिपरचं ब्लीडिंग निपल (ब्रेकचं तेल आणि हवा बाहेर काढायचं छोटं तोंड) किंचित सैल करायचं. दाबलेलं तेल निघालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता, संशय होजवर. निपल उघडूनही चाक जाम राहिलं, तर पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत. हे घरी करून पाहू नका. ब्रेकमध्ये हवा शिरली तर नवं संकट. पण मिस्त्रीने ही चाचणी केली का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

एक सूट द्यायला हवी. रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी डिस्कवर गंजाचा पातळ थर चढलेला असतो. पहिल्या दोन-चार ब्रेकना गाडी किंचित झुकली, खरखरली आणि मग नीट झाली, तर ते आजारपण नव्हे.

पण ब्रेक मारल्यावर गाडी रोज ठळकपणे झुकत असेल, तर ती घेऊन आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरायला जाऊ नका. ओल्या उतारावर जोराचा ब्रेक लागला आणि एका बाजूचीच चाकं पकडली, तर गाडी फिरते. बाकी सगळ्या कारणांना आठवडाभर थांबता येईल. याला नाही.

आता चाकांचे कोन

लहानपणी काठीने टायर पळवला असेल तर पहिला कोन तुम्हाला आधीच माहीत आहे. टायर ज्या बाजूला कलतो, त्या बाजूला वळतो. गाडीचं चाकही समोरून पाहिलं तर बरोबर उभं नसतं, अंशाच्या काही भागाने आत किंवा बाहेर कललेलं असतं. याला कॅम्बर म्हणतात. (रस्त्याच्या आडव्या उतारालाही हाच शब्द वापरतात, घोळ करून घेऊ नका.) डावं चाक बाहेर कललेलं असलं की गाडीला डावीकडे नेऊ पाहतं, उजवं उजवीकडे. दोन्ही सारखी कललेली असली की हिशोब फिटतो. डावं चाक वरून जास्त बाहेर गेलं, तर गाडी डावीकडे जाते.

दुसरा कोन कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा बाजूने पाहा, तो वरून मागे झुकलेला असतो. गाडीचं चाक ज्या रेषेभोवती वळतं, तीही तशीच मागे झुकलेली असते, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं त्यात या झुकावाचा मोठा वाटा असतो. या झुकावामुळे पुढचं प्रत्येक चाक गाडीच्या मध्याकडे वळू पाहतं. दोन्हीकडचा जोर सारखा असला की ते एकमेकांना तोलून धरतात. एका बाजूचा कॅस्टर कमी झाला की तिथला जोर कमी पडतो आणि गाडी त्या कमी कॅस्टरच्या बाजूला जाते. खड्ड्याचा दणका चाकाला मागे ढकलतो, लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) वाकतो किंवा त्याचा मागचा बुश फाटतो, कॅस्टर कमी होतो. रस्त्याच्या कडेचे खड्डे डाव्या चाकालाच जास्त भेटतात, हे वेगळं सांगायला नको. स्टिअरिंग सरळ ठेवून चाक आणि मडगार्ड यांच्यातली पुढची फट दोन्ही बाजूंना बोटांनी मोजून पाहा. एका बाजूला दोन बोटं जास्त निघाली, तर ते चाक मागे सरकलं आहे.

कॅम्बर किंवा कॅस्टरमध्ये डाव्या-उजव्यात सुमारे अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडला की ओढ जाणवू लागते, असा कामातला ढोबळ ठोकताळा आहे.

तिसरा कोन टो. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं किंचित जवळ आली आहेत की फाकली आहेत, हे तो सांगतो. आणि आता मूळ मुद्दा. पुढची दोन्ही चाकं टाय रॉडने एकमेकांना जोडलेली असतात. त्यामुळे टो चुकला तरी रस्त्यावर दोन्ही चाकं ती चूक आपापसांत निम्मी-निम्मी वाटून घेतात. टायर खरवडले जातात, स्टिअरिंग तिरकं होतं, पण गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही. मारुती ८०० पासून आजपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आहे, आणि त्यांच्यात कारखान्याने सोडलेली जुळवणी बहुतेकदा एकच असते: पुढचा टो. कॅम्बर आणि कॅस्टर बदलायला तिथे नटबोल्टच ठेवलेला नसतो.

म्हणजे आपण "अलाइनमेंट केलं" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त टो जुळवलेला असतो, आणि ओढण्याशी टोचा संबंध सर्वांत कमी. दोनदा, तीनदा अलाइनमेंट करूनही गाडी ओढत राहते ती यामुळे.

मग कॅम्बर किंवा कॅस्टर बिघडलेला निघाला तर? तो जुळवायचा नसतो, तो का बिघडला हे शोधायचं असतं. वाकलेला स्ट्रट, खिळखिळा बॉल जॉइंट, फाटलेला बुश, तुटलेली किंवा बसलेली स्प्रिंग. भाग बदलला की कोन आपोआप जागेवर येतो. काही ठिकाणी तिरका बोल्ट घालून कॅम्बर ओढून आणतात. थोड्या फरकासाठी ते चालतं, पण वाकलेला आर्म तसाच ठेवून असं करणं मला धोक्याचं वाटतं, कारण वाकलेलं लोखंड पुढच्या खड्ड्यात काय करेल सांगता येत नाही. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर गाडी ओढायला लागली असेल, तर इंजिनाखालची फ्रेम उतरवून पुन्हा बसवताना सरकली का, हे आधी विचारा. तेव्हा एका बाजूचं चाक आत आणि दुसरं बाहेर कललेलं सापडतं.

मागचा ॲक्सल तिरका झाला तरी गाडी खेकड्यासारखी चालते. स्टिअरिंग सतत एका बाजूला धरावं लागतं. ओल्या जमिनीवरून सरळ गेल्यावर मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांच्या ठशांपासून एका बाजूला सरकलेले दिसतात. जुनी गाडी विकत घेताना हे अवश्य पाहावं. मोठ्या अपघातातून उठलेल्या गाडीची ही खूण रंगाने झाकता येत नाही.

काही उरलेली कारणं थोडक्यात. फक्त जोरात पिकअप घेताना गाडी झुकते आणि पाय सैल केला की सरळ होते, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाड्यांत तो काही अंशी स्वभाव असतो, मात्र अचानक सुरू झाला असेल तर इंजिनाचे माउंटिंग आणि लोअर आर्मचे बुश पाहावेत. उजवं वळण घेतल्यावर गाडी उजवीकडेच ओढत राहते आणि डावं घेतल्यावर डावीकडे, तर स्ट्रटच्या डोक्यावरचं बेअरिंग अडखळतंय. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं असेल तर चाकाचं बेअरिंग. आणि नव्या गाडीत लेन कीप असिस्ट असेल तर ते बंद करून पाहा. पट्ट्यांच्या मधे राहण्यासाठी ते स्वतः स्टिअरिंग हलवतं.

मशीनवर गाडी चढवताना

हवा, टायर, ब्रेक आणि सैल भाग हे सगळं पाहून झालं की मग अलाइनमेंट. मशीनवर चढवण्याआधी गाडी उचलून टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि बुश हलवून तपासायला सांगा. सैल जॉइंटवर जुळवलेला कोन गेटबाहेरच्या स्पीडब्रेकरवर बिघडतो. काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे असलेला कागद मागून घ्या. त्यावर फक्त हिरवा रंग पाहू नका. पुढच्या डाव्या आणि उजव्या कॅम्बरमध्ये फरक किती, कॅस्टरमध्ये किती, हे वजाबाकी करून पाहा. दोन्ही आकडे आपापल्या मर्यादेत हिरवे असतात आणि तरी त्यांच्यातला फरक गाडी ओढायला पुरेसा असू शकतो. कॅस्टरची जागा रिकामी असेल, तर तो मोजलाच नाही असं समजा. तो मोजायला चाकं डावी-उजवी वळवावी लागतात, आणि घाईत ते टाळलं जातं.

ताईच्या कागदावर वजाबाकी केली, फरक नगण्य होता. मग तिला पुन्हा विचारलं. सरळ जाताना ओढते, म्हणाली, ब्रेक मारताना उलट कमी जाणवतं. कधीपासून? आषाढात तीन आठवडे गाडी अंगणात उभी होती, त्यानंतर. "आणि पेट्रोलही जरा जास्त खातेय हल्ली, पण ते वेगळं."

ते वेगळं नव्हतं. मी तिला मिरजेपर्यंत जाऊन यायला सांगितलं आणि उतरल्यावर दोन्ही रिमजवळ हात न्यायला सांगितलं. अर्ध्या तासाने फोन आला: डाव्या चाकाजवळ हात धरवत नाही.

कॅलिपर उघडला तेव्हा खालची पीन गंजून जाम झालेली निघाली, आतला पॅड जवळजवळ संपलेला. नव्या पिना, रबरी टोप्या, ब्रेकसाठीचं खास ग्रीस आणि दोन्ही बाजूंचे पॅड एवढ्यावर काम झालं. टायर बदलावे लागले नाहीत. गाडी सरळ जायला लागली, फक्त स्टिअरिंग थोडं डावीकडे तिरकं दिसत होतं. आधीच्या अलाइनमेंटमध्ये गाडीची ओढ तशीच ठेवून, ताई उजवीकडे जोर लावून धरायची तीच जागा मध्य म्हणून बसवली होती. म्हणून ताईने तिसऱ्यांदा अलाइनमेंट करून घेतलं, आणि या वेळी ते टिकलं.